चिंचोक्यांचा आठवडा

आमच्या पडवीला केळ्यांचा वास होता आणि कितीही शेणाने सारवली, चुना लावला, तरी तो गेला नाही. वाडीतले घड उतरले की त्या पडवीतच रचून ठेवायचे, वर वाळक्या पानांचं पांघरूण घालायचं, आणि पिवळेपणाची नुसती चाहूल लागली की पाट्यांत भरून गाडीने ठेसनावर न्यायचे, अशी पूर्वापार पद्धत. त्यामुळे माझ्या आईने तिथे बालवर्ग भरवायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण झाली ती केळ्यांची. घड कुठे ठेवायचे? थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्यांनी हा प्रश्न आईला विचारला नाही. त्यांनी तो जेवायला बसल्यावर काकूला विचारला, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आई आत चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा थापट्या सुरू झाल्या.

आई विधवा होती. तिचं नाव नर्मदा. वडील मला आठवत नाहीत. त्यांचा एक कोट खुंटीला होता, तेवढेच ते. मामाच्या खटपटीने आई दादरला जाऊन लहान मुलांना शिकवायचं शिक्षण घेऊन आली, आणि ते महिने मी काकूजवळ राहिले. काकू तोंडाने फटकळ होती, पण रात्री माझे पाय गार पडले की आपल्या लुगड्याचा पदर माझ्या पायांवर ओढायची. तिला तीन मुली, आणि त्यांच्या पाठीवर खूप नवसांनी झालेला विनू. विनू तेव्हा चारेक वर्षांचा असेल, मी सहाची. घरात आम्ही आमची वाडीतली बोली बोलत असू. ती इथे लिहिली तर वाचणारा पावलोपावली अडखळेल, म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे. पण लिहिताना माझ्या कानात ती बोलीच वाजते, हे सांगायला हवं.

अण्णांनी शेवटी परवानगी दिली ती अशी. आईशी ते थेट बोलत नसत, म्हणून काकूकडे बघत म्हणाले, "तिला सांग, सोमवारपासून आठवडाभर चालव. शनिवारी मी दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन येईन. पोरं काही शिकली असं दिसलं तर बघू. नाहीतर पडवी मोकळी करायची. आणि नाचगाणी नकोत. लोक काय म्हणतील?"

काकू आत येऊन म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," आई म्हणाली.

"मग कशाला जिवाला लावून घेतेस? दोन वेळचं जेवण मिळतंय. पोर आहे पदरात."

आज मला वाटतं, काकूने ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, खाऊनपिऊन असलेल्या बाईला आणखी काय हवं असतं ते.

सोमवारी मुलं आली. आमच्या आळीतली, पलीकडच्या ख्रिस्ती वाड्यातली दोन, आणि आमच्या रहाटावर बैल हाकणाऱ्या गड्याची मुलगी मंजी. मंजीला आईने मुद्दाम बोलावलं होतं. ती पडवीच्या पायरीवरच बसली, तर आईने तिला हाताला धरून चटईवर आणलं. काकू दारातून बघत होती. तिने हे अण्णांना सांगितलं असणार, कारण त्या रात्री अण्णांनी अर्धवट जेवून ताट सरकवलं. आईने मला बजावलं होतं की वर्गात तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. मला ते जमेना. मी तिला दिवसभर कशानेच हाक मारली नाही.

पहिल्या दिवशी वासाचा खेळ होता. डोळ्यांना पंचा बांधायचा आणि नाकाशी आणलेली वस्तू ओळखायची. सोनचाफा, चिंच, रॉकेलचा बोळा, सुका बोंबील. बोंबील ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. सगळी पोरं एकदम ओरडली आणि आई हसली. मंगळवारी परसातल्या झाडाचे चिंचोके आले. काळे गुळगुळीत, टोपलीभर. त्यांच्या रांगा लावायच्या, फुलं काढायची, मुठीत धरून एकी की बेकी विचारायचं, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत न सांडता ओतायचे. बुधवारी चुन्याने आखलेल्या रेघेवरून पाण्याने काठोकाठ भरलेली लोटी घेऊन चालायचं. सगळ्यांची सांडली. मंजी मात्र ओठ दाताखाली धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "बाई, पानी सांडला नाय." गुरुवारी डोळे मिटून गप्प बसायचं आणि मग कोणकोणते आवाज ऐकले ते सांगायचं. रहाटाची कुरकुर, मडक्यांतून पन्हळीत पडणारं पाणी, देवळाची घंटा आणि पलीकडची चर्चची घंटा. विनू म्हणाला, "आई आत पुटपुटत होती." खरंच काकू आत पुटपुटत होती. "चार दिवस झाले, पाटी नाही, पेन्सिल नाही, अ नाही, आ नाही. शनिवारी दाखवणार काय, बोंबील?"

ही गोष्ट आईलाही खात असणार. दिवसा ती मुलांमध्ये मोकळी असे, पण संध्याकाळी कंदील पुसताना तिचे ओठ घट्ट मिटलेले दिसत. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. अण्णा जेवताना नुसते "ताक" किंवा "मीठ" एवढंच म्हणत. केळ्यांचे घड अंगणात ताडपत्रीखाली होते आणि त्यातले काही उन्हाने काळे पडायला लागले होते. अण्णा येता-जाता ताडपत्रीचा कोपरा उचलून बघत, आणि परत टाकत. ती फटकन पडली की मी आत पळायचे. आपली आई चुकते आहे की अण्णा, हे सहा वर्षांच्या मुलीला कुणी सांगत नाही. तिला फक्त शनिवार जवळ येतो आहे एवढं कळतं.

शुक्रवारी सकाळी अण्णा गाडी जुंपून ठेसनावर गेले होते. आईने पुन्हा चिंचोके काढले, कारण उद्या मुलांनी चिंचोक्यांनी पाचापर्यंतची मोजणी करून दाखवावी असं तिच्या मनात होतं. मी विनूच्या शेजारी होते. त्याने एक लहानसा चिंचोका उचलला, नाकाशी नेला, बहुधा सोमवारचा वासाचा खेळ त्याच्या डोक्यात असेल, आणि बोटाने आत ढकलला. चिंचोका दिसेनासा झाला. विनू माझ्याकडे बघून हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"आई!" मी ओरडले. "विनूने नाकात घातला!"

आईने पटकन त्याला मांडीवर घेतलं, तोंड वर करून उजेडाकडे धरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो आधी पांढरा पडला आणि मग अगदी शांत झाला. तिने त्याची दुसरी नाकपुडी बोटाने दाबली आणि सांगितलं, "विनू, शिंकर. जोरात. दिवा विझवायचा आहे नाकाने." त्याने शिंकरलं. थोडा शेंबूड आला, त्यात रक्ताची रेघ. चिंचोका आला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. आता विनू घाबरून रडायच्या बेतात आला होता आणि हुंदक्यासरशी नाकाने श्वास वर ओढत होता. आई तिथेच थांबली. दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाने हे पाहिलं नव्हतं. उद्या शनिवार होता. तिच्या मनात काय आलं असेल ते तिने मला पुढे कधीच सांगितलं नाही. मी एवढंच पाहिलं की तिने मान वळवली आणि आत हाक मारली, "वहिनी, लवकर या. विनूच्या नाकात चिंचोका गेलाय."

काकू धावत आली. तिने विनूला आईच्या हातातून ओढून घेतलं, एकदा त्याच्या नाकात बघितलं आणि आईला जे बोलली ते मी लिहिणार नाही. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. बोलता बोलता काकूने अंबाड्यातला आकडा काढला, विनूचं डोकं काखेत दाबलं आणि आकड्याचं टोक त्याच्या नाकाकडे नेलं. विनू किंचाळला.

"वहिनी, नको!"

"सोड. माझं पोर आहे."

"आत सरकेल. श्वासात गेला तर गुदमरेल तो. वहिनी, ठेवा तो आकडा."

"बाजूला हो म्हणते ना!"

आईने काकूचं मनगट धरलं. जी बाई त्या घरात कधी वर मान करून बोलली नव्हती, तिने थोरल्या जावेचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काकूने हिसडा दिला, हात दाराच्या चौकटीवर आपटला आणि तिची एक हिरवी बांगडी फुटली. तुकडे चिंचोक्यांत पडले.

आता कुणाला त्याचं काय वाटेल ठाऊक नाही. माझ्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? दुसरी घ्यायची." पण त्या काळी विधवेच्या हातून सवाशिणीची बांगडी फुटणं म्हणजे काय, ते पडवीतल्या लहान पोरांनाही कळलं. रहाटाचा आवाज तेवढा येत होता. काकू आपल्या मनगटाकडे बघत राहिली. आईचा चेहरा असा झाला होता की जणू तिनेच कुणाचा तरी जीव घेतला आहे. पण तिने हात सोडला नाही. हळू आवाजात ती म्हणाली, "मला मागून हवं ते बोला. घरातून काढा. आत्ता त्याला डॉक्टरकडे नेऊ या. चिंचोका ओला झाला की फुगतो, वहिनी."

आकडा काकूच्या हातातून खाली पडला.

गाडी अण्णांनी नेली होती. मंजी न सांगता धावत सुटली आणि पलीकडच्या वाड्यातल्या इनासला त्याच्या टांग्यासकट घेऊन आली. त्याची दोन्ही मुलं आमच्याच वर्गात होती. "बाय, धरून बसा," म्हणाला आणि त्याने घोड्याला असा चाबूक दाखवला की आम्ही सगळ्या मागे कलंडलो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मी आईचा पदर सोडला नव्हता, त्यामुळे मीही टांग्यात होते.

वसईच्या बाजारापर्यंतचा तो रस्ता मी पुढे हजारदा गेले असेन. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये मध्ये बावखलांचं, वाड्यांमधल्या तळ्यांचं, हिरवं स्थिर पाणी, नारळीच्या सावल्या. पण त्या दिवशी तो रस्ता संपेचना. विनू काकूच्या मांडीवर होता आणि धक्क्यासरशी रडत होता. रडताना नाकाने फुरफुर वर ओढायचा, आणि दर वेळी आईची मान पुढे यायची. शेवटी ती म्हणाली, "वहिनी, त्याने रडता कामा नये. नाकाने श्वास घेता कामा नये. तोंड उघडं राहायला हवं."

"मी काय करू? कसं उघडं ठेवू?" काकूचा आवाज फुटला.

आई विनूसमोर वाकली. "विनू, कावळ्याची चोच कशी असते?" विनू रडतच होता. आईने आपलं तोंड मोठं उघडलं. "काव! तू कर." त्याने कसंबसं "काव" केलं. "बैल?" "हंबा." "मांजर?" मग तिने गुरुवारचा खेळ काढला. "हा कसला आवाज, ओळख. मोठ्याने सांग." घोड्याच्या टापा. टांग्याचं चाक. इनासला कळलं असावं. त्याने मागे न बघता घंटा वाजवली. "घंटा!" विनू म्हणाला. एक खेळ संपला की आई दुसरा काढायची. बोटं मोजायला लावायची, झाडं मोजायला लावायची, प्रत्येक आकडा ओरडून. ती गात होती, भर रस्त्यावर, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी. वाडीतून बायका वर बघत होत्या. अण्णांनी ज्या नाचगाण्यांना बंदी केली होती ती सगळी त्या टांग्यात झाली. एके ठिकाणी तिचा आवाज बसला आणि तिला खोकला आला. विनूचं तोंड मिटलं, ओठ थरथरायला लागले. मी काही तरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तर त्याआधीच काकूचा आवाज आला, "बेडूक कसा ओरडतो, विनू? डराव! डराव!" काकूचे डोळे गळत होते आणि ती बेडकासारखी ओरडत होती. विनू तिच्याकडे आश्चर्याने बघत राहिला, आणि मग तोही म्हणाला, "डराव."

बाजारापर्यंत दोघी आळीपाळीने ओरडत होत्या.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी विनूला चादरीत गुंडाळलं, कंपाउंडरला डोकं धरायला सांगितलं आणि टोकाशी वाकवलेली एक बारीक सळई घेतली. काकूने भिंतीकडे तोंड केलं. आई मात्र विनूचे पाय धरून उभी राहिली. एक किंकाळी आली, थोडं रक्त, आणि डॉक्टरांनी तबकात काही तरी टाकलं. फुगून साल तडकलेला चिंचोका.

"घरी काही घातलं नाहीत ना नाकात? सुई, आकडा?"

"नाही," आई म्हणाली.

"नशीब. पुष्कळ जण ढकलून आणतात, मग माझ्या हातात काही उरत नाही. कुणाला सुचलं?"

काकू वळली. "हिला," ती म्हणाली. तेवढंच.

परत येताना विनू झोपला. अर्ध्या वाटेवर आईने इनासला टांगा थांबवायला सांगितलं, उतरली, कुंपणापाशी गेली आणि तिला भडभडून उलटी झाली. काकूने विनूला माझ्या मांडीवर दिलं, खाली उतरली आणि आईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. टांग्यातून मला काकूच्या मनगटावर आईच्या बोटांचे लाल वळ दिसत होते.

बातमी आमच्याआधी गावात पोचली होती, आणि ती चिंचोक्याची नव्हती, बांगडीची होती. अण्णा संध्याकाळी आले. त्यांनी झोपलेल्या विनूच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला, आणि न जेवता उठून गेले. आईने त्या रात्री आपली पत्र्याची ट्रंक ओढून माझे झगे घड्या करून आत ठेवले. मी विचारलं, "कुठे जायचं?" ती म्हणाली, "झोप."

शनिवारी अण्णांबरोबर ती दोन वडीलधारी माणसं आली. मुलं कमी होती. आदल्या दिवशीच्या प्रकाराने काहींना घरच्यांनी धाडलं नव्हतं. मंजी होती, इनासची दोघं होती. पाहुणे पाटांवर बसले. आईने मुलांकडून काहीही करून दाखवलं नाही. उभी राहून तिने आधी काल काय घडलं ते सांगितलं, चिंचोके तिने दिले होते हेही सांगितलं.

"ते कळलं," त्यातले एक म्हणाले. "पण बांगडीचं काय? घरच्या सवाशिणीवर हात टाकलास म्हणतात."

आईने तोंड उघडलं. त्याआधीच दारातून काकू बोलली. परक्या पुरुषांसमोर ती कधी पडवीत येत नसे. "बांगडी माझ्याच हातून वाढली. चौकटीवर हात आपटला माझा. नर्मदेचा काय संबंध?"

"वहिनी," आई म्हणाली.

"तू गप्प बस. थोरली बोलत असताना मध्ये बोलू नये." आणि काकूने पदराखाली झाकलेला हात आणखी आत ओढून घेतला.

अण्णा तिच्याकडे बघत होते. वळ त्यांनी पाहिले नसतील असं मला वाटत नाही. आई खोटं बोलणारी नव्हती; त्या दिवशी ती गप्प बसली, आणि मला ते आवडलं.

मग अण्णा प्रथमच थेट आईशी बोलले. "विनूला काही झालं असतं तर?"

"तर या घरात तोंड दाखवलं नसतं, भावोजी. चिंचोके आजपासून बंद. बारीक काहीही नको, मोठे शिंपले आणीन. पण मुलं बंद करू नका."

"आणि विनूला पाठवेल कोण आता?"

"मी," काकू म्हणाली. "सोमवारी येईल तो. मीच आणून सोडेन."

अण्णा उठले, टोपी घातली आणि पायऱ्या उतरताना अंगणातल्या गड्याला म्हणाले, "मागची खोली झाडून घे. घड तिकडे लावायचेत." पाहुणे एकमेकांकडे बघत त्यांच्या मागून गेले. आईने भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसली.

अण्णा त्या वर्गात पुढे कधी आले नाहीत. शाळा मात्र माझं लग्न होईपर्यंत त्या पडवीत चालली, आणि नंतरही.

सोमवारी विनू आला, आणि त्याला सोडायला आलेली काकू गेलीच नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "मी आपली इथे बसते. लक्ष ठेवायला."

"आत या ना, वहिनी. आज बावखलाकाठची माती आणलीय."

"मी मातीत हात घालून काय करू? पोर आहे का मी?"

पण ती विनूशेजारी बसली. थोड्या वेळाने तिने मातीचा गोळा ओढून घेतला आणि बैल करायला लागली. आम्ही सगळी मुलं आपलं काम सोडून बघत होतो. शिंगं झाली, वशिंड झालं, तीन पाय झाले, आणि माती संपली.

"काकू, हा पडणार," मी म्हटलं.

तिने बैल चटईवर उभा केला. तो लगेच एका कुशीवर कलंडला. विनू खदखदून हसला, मंजी हसली, आणि मग काकूही हसायला लागली, तोंडावर मातीचा हात धरून, थांबेचना. आई दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी हात धूत होती. ती तशीच, हातात लोटी धरून, काकूकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस, नर्मदे," काकू म्हणाली. "आणखी माती दे."